दुसरा ब्रेक

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी, माझ्या पायाखाली. गेली सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आणि या सव्वीस वर्षांत माझ्या गाडीवर साधा ओरखडा उठलेला नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. शिकणारे मला माझ्यामागे 'ब्रेकबाई' म्हणतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. बँकेचा मॅनेजर असो, नाही तर कालच लग्न झालेली मुलगी असो, समोरून बस आली की सगळ्यांची एकच गत. डोळे मिटायचे आणि "बाईऽ" म्हणून ओरडायचं. तोवर माझा पाय खाली गेलेला असतो.

माझ्या मुलीलाही मीच शिकवलं. एकोणीस वर्षांची होती. दोन महिने रोज सकाळी तिला घेऊन निघायची आणि इतरांना नाही अशी कडक शिस्त तिला लावायची, कारण ब्रेकबाईच्या मुलीनं गाडी ठोकली तर माझी अब्रू काय राहिली? ती मधूनच विचारायची, "आई, आत्ता गाडी मी थांबवली की तू?" मी म्हणायची, "थांबली ना? मग झालं." हा प्रश्न तिनं मला किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. माझं उत्तर मात्र ठरलेलं होतं.

तिचे बाबा गाडी शिकलेच नाहीत. घड्याळं दुरुस्त करायचे. शांत माणूस. "बायको म्हणून तू मला झेपतेस, मास्तरीण म्हणून नाही झेपायचीस," असं म्हणायचे आणि डबा घेऊन बस पकडायचे. घरी एक जुनी गाडी होती, तिला चारचौघींसारखा एकच ब्रेक. ती मी वापरायची, कधीमधी मुलगी.

दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी शिकवणीवर होते, फोन पर्समध्ये. रुग्णवाहिकेला पंचवीस मिनिटं लागतील म्हणाले, तेव्हा मुलीनं बाबांना धरून खाली नेलं, गाडीत बसवलं आणि स्वतः निघाली. मोठ्या चौकापर्यंत ती नीट गेली. चौकात डावीकडून एक ट्रक आला आणि तिनं गाडी थांबवली. ती थांबली ती थांबलीच. ट्रक निघून गेला, सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. तिचे हात स्टिअरिंगवर होते, पाय ब्रेकवर होता आणि तो पाय उचलत नव्हता. शेवटी पावाच्या गाडीचा एक ड्रायव्हर उतरून आला, त्यानं तिला मागे बसवलं आणि गाडी दवाखान्यात नेली.

डॉक्टर मला म्हणाले, "अटॅक फार मोठा होता. घरासमोर दवाखाना असता तरी हाती काही लागलं नसतं." मी ते ऐकलं. शब्दन्‌शब्द ऐकलं. तरी बाहेरच्या फरशीवर मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "दहा मिनिटं आधी आली असतीस तर."

एवढंच एक वाक्य. तिनं मान खाली घातली आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आदळआपट, रडारड, काहीही चाललं असतं मला. पण ती माझ्याशी भाडेकरू घरमालकिणीशी बोलतो तशी बोलायला लागली. "दूध संपलंय." "उद्या उशीर होईल." "गॅसवाला येऊन गेला." गाडीच्या स्टिअरिंगला तिनं पुन्हा हात लावला नाही. जुनी गाडी मी विकून टाकली. दीड वर्ष आम्ही एका टेबलावर समोरासमोर जेवलो, आणि त्या टेबलाच्या मधोमध ते वाक्य होतं.

मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, नकाशे तयार करणाऱ्या एका कचेरीत. सगळे रस्ते काढता येणार, गाडी चालवायची एकावरही नाही. दोन महिन्यांनी, पहिल्या तारखेला ती जाणार होती. जायला माझी ना नव्हती. तरणीताठी मुलगी घरात माझं तोंड बघत बसावी, असं मला कधीच वाटलं नाही. भीती वेगळी होती. ते वाक्य मध्ये ठेवून ती गेली, तर पुन्हा येईल ती पाहुणी म्हणून येईल. खुर्चीच्या कडेवर बसेल, चहा पिईल, घड्याळ बघेल. मला ते वाक्य परत घ्यायचं होतं. पण 'माझं चुकलं' हे शब्द मी याआधी कधी उच्चारले होते, मला आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर जरूर कळवा.

पागेची भानगड मनाच्या डॉक्टरीणबाईंनी काढली. मुलगी त्यांच्याकडे जात होती. त्या म्हणाल्या, दर शनिवारी सकाळी घोड्यांत काम कर. गावाबाहेर लाकडाच्या वखारीच्या पलीकडे एक पागा होती, नऊ घोडे होते, आणि तिथे अशीच माणसं यायची. कुणी लढाईवरून परतलेला, कुणी बोलेनासा झालेला, कुणी नुसताच एकटा. घोड्याला दाणा घालून मन कसं ताळ्यावर येतं, मला समजेना. मी तोंड वाकडं केलं. पण तिकडे बस जात नव्हती आणि मुलगी चालवणार नव्हती, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं.

जाताना ती माझ्या शेजारी बसायची, म्हणजे एरवी मी बसते त्या जागेवर, दुसऱ्या ब्रेकसमोर. बसली की चपला काढायची, पाय वर घ्यायची आणि सीटवर मांडी घालायची. "पाय खाली घे," मी म्हणायची. "जेवायला बसलीयस का?" ती खिडकीतून बाहेर बघायची. पाय काही खाली यायचे नाहीत.

पागेची मालकीण एक उंच, उन्हानं रापलेली बाई होती. जन्म घोडे शिकवण्यात गेलेला, म्हणून सगळे त्यांना चाबूकस्वार म्हणत. चाबूक मात्र मी त्यांच्या हातात कधी पाहिला नाही. मुलीला त्यांनी भोपळ्या नावाचा एक गुबगुबीत घोडा दिला. बसायचं नाही. फक्त खरारा करायचा, खूर साफ करायचे आणि दोर धरून त्याला रिंगणातून फिरवायचं. मी कुंपणाशी उभी. "पाठ सरळ! दोर आखूड धर! अगं, समोर बघ ना!" सव्वीस वर्षांचा सराव, आवाज आपोआप निघायचा.

दुसऱ्या शनिवारी चाबूकस्वार बाई कुंपणापाशी आल्या. "ताई, तुम्ही इथून हाक मारलीत की घोड्याचा कान तुमच्याकडे वळतो. कान वळला की मुलगी बावरते. एक तर गाडीत जाऊन बसा, नाही तर आत या आणि कामाला लागा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कामाला लावणारी ही कोण? पण गाडीत बसून राहिले असते तर पुढचे सहा-सात शनिवार मुलीची पाठसुद्धा दिसली नसती. मी आत गेले.

माझ्या वाट्याला सासूबाई आल्या. हे घोडीचं नाव. वय बावीस, रंग पिंगट, कपाळावर पांढरा टिळा, आणि नजर अशी की तुमच्या हातचं काहीही तिला पसंत नाही हे दुरूनच समजावं. खरारा उजवीकडून सुरू केला की ती डावीकडे सरकायची, डावीकडून केला की शेपटीचा फटका. पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा केसांत गवत, अंगाला लिदीचा वास आणि पायाचं बोट सुजलेलं. मुलगी गालातल्या गालात हसली. दीड वर्षात पहिल्यांदा. त्यासाठी मी दुसरं बोटही दिलं असतं.

काम साधं होतं. सासूबाईंना ठाणावरून, म्हणजे बांधायच्या जागेवरून, सोडायचं आणि पन्नास पावलांवरच्या हौदाशी पाणी पाजायला न्यायचं. दोर कसा धरायचा ते बाईंनी दाखवलं. जास्तीचा दोर घड्या घालून तळहातावर आडवा घ्यायचा आणि वरून मूठ मिटायची. "हाताला वेढा द्यायचा नाही. एकसुद्धा नाही. घोडं उधळलं तर दोर हातातून सुटला पाहिजे." त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला. करंगळीच्या जागी नुसती गाठ होती. "हा माझा वेढा," त्या म्हणाल्या.

पन्नास पावलं, पण ती घोडी काही पोचेना. दहा पावलं चालायची आणि थांबायची. ओढलं की मान वर. पुन्हा चार पावलं आणि पुन्हा थांबायची. बाजूनं भोपळ्याला घेऊन मुलगी तीन फेऱ्या मारून गेली, दोर तिच्या हातात सैल लोंबत होता आणि तो गुबगुब्या तिच्या खांद्याशी खांदा लावून चालला होता. मी कपाळाला हात लावला.

"ही नुसती अडेलतट्टू आहे हो," मी बाईंना म्हणाले. "माझं ऐकतच नाही."

"तट्टू म्हणू नका, मनाला लावून घेईल," त्या म्हणाल्या. "आणि ती ऐकतेय. फार नीट ऐकतेय. तुम्ही थांब म्हणता, ती थांबते."

"मी कधी म्हटलं थांब?"

"पाय बघा तुमचा."

मी खाली पाहिलं. माझा उजवा चवडा मातीत रुतला होता. मागे वळून पाहिलं, तर ठाणापासून इथपर्यंत जिथे जिथे घोडी थांबली होती, तिथे तिथे मातीत एकेक खड्डा होता. माझ्या उजव्या पायाचा.

"ती जरा जोरात निघाली की तुमचा पाय दाबला जातो," बाई म्हणाल्या. "पाय दाबला की कंबर ताठ, खांदा ताठ, मूठ घट्ट. दोरातून हे सगळं तिला पोचतं. बिचारी थांबते. मग तुम्ही तिलाच ओढता आणि तिच्यावरच चिडता. तिनं करावं काय?"

तिनं करावं काय. मी दोर टाकला आणि हौदाच्या काठावर जाऊन बसले. दोन महिने रोज सकाळी माझ्या शेजारी बसून एक मुलगी विचारत होती, गाडी मी थांबवली की तू? तिला भीती वाटली रे वाटली की गाडी थांबायची. थांबवायची मी. पण तिच्या हाडांत काय मुरलं? भीती वाटली की गाडी थांबते. पुढे काय करायचं, ते तिला कुणी शिकवलंच नाही, कारण पुढचं सगळं माझ्या पायात होतं. त्या मंगळवारी चौकात ट्रक आला, ती घाबरली, आणि तिला जे शिकवलं होतं तेच तिनं केलं. शिकवणारीनं मग दवाखान्याच्या फरशीवर उभं राहून तिलाच दोष दिला.

सासूबाई माझ्या खांद्यावरून मान पुढे घालून पाणी प्यायला लागल्या. हौदापर्यंतची शेवटची वीस पावलं त्या आपल्या आपण आल्या होत्या, मी दोर टाकून बसल्यावर.

परतीच्या वाटेवर सांगायचं ठरवलं. गाडी सुरू केली, घसा खाकरला आणि म्हणाले, "पाय खाली घे." आमचं तोंड आणि आमचं मन यांची कधी गाठ पडली आहे?

मधले शनिवार असेच गेले. घोडीचं मात्र जमत आलं. सैल सोडायचं शिकणं मला जितकं अवघड गेलं, तितकं आयुष्यात काही गेलं नाही. ती चालायला लागली की लगेच दोर सैल. तिनं कान टवकारले, तरी सैल. पायाला सांगावं लागायचं, बाबा रे, तू आज सुट्टीवर आहेस. सहाव्या शनिवारी ठाणापासून हौदापर्यंत ती एकदाही न थांबता आली, दोर हसल्यासारखा मध्ये झुकलेला. मला रडू आलं. तिच्या मानेवर तोंड ठेवून मी चांगली रडले. नवरा गेल्यावर सगळ्यांसमोर डोळे कोरडे ठेवणारी मी, आणि एका खडूस घोडीनं मला गाठलं. ती उभी राहिली. तिनं नाक फुरफुरवलं, पण हलली नाही. रिंगणाच्या पलीकडून मुलगी बघत होती. मी मान वर केली तेव्हा तिनं नजर वळवली.

आठवा शनिवार. एकच उरला होता त्यानंतर. बाई म्हणाल्या, आज घोडे बाहेर काढू, वखारीला वळसा घालून येऊ. पुढे त्या एका तरुण घोड्याला घेऊन, मग मुलगी आणि भोपळ्या, शेवटी मी आणि सासूबाई. आज परत आलो की बोलायचंच, असं मी सकाळी दात घासताना आरशाला सांगून आले होते. वाक्यही पाठ केलं होतं. त्याच नादात चालले होते.

वखारीच्या कोपऱ्यावर समोरून लाकडं भरलेली गाडी आली. घोडीनं मान उचलली. आणि मी काय केलं असेल? दोराचा एक वेढा हाताला दिला. गाडी जवळ आली, तसा दुसरा दिला. सहा शनिवारांची शिकवण, बाईंची करंगळी, सगळं विसरले. खोटं कशाला सांगू, ते वेढे देताना मला हायसं वाटलं. आता ही कुठे जात नाही, असं वाटलं.

गाडी सुखरूप गेली. तिच्या मागच्या वाऱ्यानं वखारीच्या भिंतीवरची ताडपत्री उचलली आणि फाडकन आपटली. सासूबाई जागच्या जागी फिरल्या आणि निघाल्या. बावीस वर्षांच्या म्हातारीत एवढी ताकद असते! मी दोन ढांगा धावले आणि मग पडले. हातात काहीतरी काडकन वाजलं. खडी, धूळ, डोळ्यांसमोर टापा.

"सोड, आई! दोर सोड!"

मला सोडायचा होता. खरंच सोडायचा होता. सुटत नव्हता.

मग टापा थांबल्या. मुलीनं भोपळ्याचा दोर बाईंकडे दिला होता आणि ती चालत आली होती. धावत नाही, चालत. घोडीसमोर आडवी न जाता तिच्या खांद्यापाशी गेली, तिच्याच दिशेला तोंड करून उभी राहिली आणि एक लांब श्वास सोडला. नुसता श्वास. "हूऽऽ." तिचे ओठ पांढरे पडले होते, पण हात घोडीच्या मानेवर सैल पडला होता. घोडीची मान खाली आली. दोर ढिला झाला. मुलगी माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्या हाताचे वेढे सोडवायला लागली. एक सुटला, दुसरा सुटला.

"दोन?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

दोन बोटं वेडीवाकडी झाली होती, तळहाताची सालटी निघाली होती. बाईंनी ओलं फडकं बांधलं. "मला घोडे सोडून निघता येत नाही," त्या म्हणाल्या. "वखारीतून कुणाला तरी बोलावते, थांबा."

"किल्ली दे," मुलगी मला म्हणाली.

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं हात पुढे केलेला होता. मी डाव्या हातानं खिशातून किल्ली काढून दिली.

ती माझ्या जागेवर बसली. मी तिच्या जागेवर बसले, म्हणजे माझ्याच जागेवर, दुसऱ्या ब्रेकसमोर. तिनं सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला, माझाही पट्टा लावला. गाडी दोन गचके खाऊन निघाली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. गावात शिरलो. दवाखान्याचा रस्ता त्या चौकातूनच जातो, दुसरा रस्ता नाही. नकाशे काढणारीला ते मी सांगायची गरज नव्हती.

सिग्नल हिरवा होता. ती बरोबर वेगात होती, बरोबर गिअरमध्ये होती. डावीकडून एक बस हळूहळू पुढे सरकली, लाल दिव्यावर थांबणारच होती. आणि गाडी खाडकन थांबली. चौकाच्या मधोमध. इंजिन बंद.

मागे हॉर्न सुरू झाले. मुलीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. "मी परत," ती पुटपुटली. "मी परत तेच..."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय ब्रेकवर होता, तळाला टेकलेला.

"तू नाही," मी म्हणाले. "ब्रेक मी दाबला. हा बघ माझा पाय."

तिनं पाहिलं.

"आणि त्या दिवशीही माझाच होता," मी म्हणाले. "तू घाबरलीस की थांबवायची मी. घाबरलं की थांबायचं, एवढंच तुला शिकवलं. पुढचं शिकवलंच नाही. त्या दिवशी तू शिकवल्याप्रमाणे केलंस. दहा मिनिटांचं मी जे बोलले ते चुकलं माझं. खोटंही होतं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, दहा मिनिटांनी काही झालं नसतं. ते माहीत असून बोलले."

पाठ केलेल्या वाक्यातला एकही शब्द यात नव्हता. मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून झोपी गेला होता बहुतेक. मी चपला झटकल्या, एका हातानं सीटला धरलं आणि पाय वर घेतले. पंचावन्न वर्षांचे गुडघे, गळ्याशी पट्टा, मोडलेला हात मांडीवर. कशीबशी मांडी घातली. पाय वर घेतल्यावर कळलं, इथे बसून आता आपल्याला करण्यासारखं काहीच नाही. नुसतं बसायचं. माझी मुलगी आठ शनिवार माझ्या शेजारी अशी बसून आली होती, आणि मी तिला जेवायला बसलीयस का म्हणून विचारत होते.

तिनं तो लांब श्वास सोडला. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, चौक ओलांडला, पुढचा पूल ओलांडला. डोळ्यांतलं पाणी ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हात कामात होते. रस्त्यात एक सायकलवाला आडवा आला. माझ्या मांडीतला उजवा पाय आतल्या आत कळवळला. तिनं वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा वेग घेतला. थांबली नाही.

"त्या दिवशी गाडीत बाबा बोलत होते," ती अचानक म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस."

मी तिच्याकडे वळले. "काय म्हणाले?"

"निघताना माझे हात कापत होते. ते म्हणाले, 'आज शेजारी तुझी आई नाही, मी आहे. मला ब्रेक कुठे असतो तेही माहीत नाही. तेव्हा तू तुझी चालव.'" ती हसली आणि रडली. "आणि चौकात अडकले तेव्हा म्हणाले, 'असू दे, बस जरा. मला इथे बरं वाटतंय.'"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दीड वर्ष हे तिच्याजवळ होतं. माझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द माझ्याच घरात, टेबलाच्या पलीकडे, आणि मला विचारायला सुचलं नाही.

दवाखान्याच्या आवारात तिनं गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये लावली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग खाली वाकून माझ्या चपला शोधल्या, सरळ करून ठेवल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय खाली घे, आई," ती म्हणाली. "पोचलो."